घरचं कापड देऊन गोधडी शिवून घ्यायची, तर कुणाकडून? मराठवाड्यातल्या तीन वाटांची पारख

आहेरात गोधडी द्यायची आणि ती घरच्याच जुन्या लुगड्यांची, साड्यांची हवी, असं ठरलं की मराठवाड्यात तीन वाटा असतात. गावात गोधड्या शिवणाऱ्या बाईकडे कापडाचा गठ्ठा नेऊन द्यायचा, शहरातल्या मशीनवाल्या दुकानात टाकायचा, नाहीतर घरच्या कापडाचा हट्ट सोडून बचत गटाच्या प्रदर्शनातून तयार गोधडी उचलायची. तिन्हींकडचा माल उलटून, ताणून, धुऊन पाहिला तर कौल हातशिलाईच्याच बाजूने जातो, मात्र एका अटीवर. शिवणारी बाई गठ्ठा सोडून एकेक कापड हातात घेते का आणि त्यातलं काही परत करते का, हे आधी बघा. दिलेलं सगळं निमूट ठेवून घेणारी बाई भली वाटते, पण दोन-तीन धुण्यांत विरणाऱ्या गोधड्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात. टाके कितीही सुबक असोत, खालचं कापडच मेलेलं असेल तर ते धरणार कशाला?

म्हणून शिलाईचा भाव विचारायच्या आधी निवड बघावी. जाणकार बाई कापड उजेडासमोर धरते. जिथून पलीकडचं स्पष्ट दिसतं तो भाग खडूने खुणावते. मग दोन्ही अंगठ्यांत चार बोटांच्या अंतरावर कापड पकडून आधी उभं आणि मग आडवं ताणते. विरळ दिसूनही ताण सोसला तर ते कापड आतल्या थरांना चालतं. चर्रकन आवाज आला की ते आतही चालत नाही, कारण टाका ओढला की तिथेच भोक पडतं आणि वरचं कापड त्या खड्ड्यात ओढलं जातं. नऊवारीत काष्ट्याचा आणि बसायचा भाग आधी विरतो. पाचवारीत खालचा काठ आणि निऱ्यांचा घासला जाणारा भाग जातो, पण फॉल लावलेली पट्टी बऱ्याचदा धड असते. फॉल मात्र उसवूनच टाकायचा. धोतर गुडघ्यांवर विरतं, बाकीचं बाळाच्या दुपट्याला सगळ्यात मऊ.

परत येणाऱ्या कापडांत नायलॉन आणि जॉर्जेटच्या साड्या पहिल्या. त्या घाम शोषत नाहीत आणि मधल्या थरात घातल्या की धुताना सरकून एका कडेला गोळा होतात. टेरिकॉटच्या पँटी आणि जीन्स यांतून पाच थरांची सुई जात नाही, गेली तर वाकते. रेशमी साडी आठवणीची असते म्हणून सगळ्यांना घालायची असते. पण जुनं रेशीम घडीवर चिरतं आणि जरीचे धागे अंगाला टोचतात. अशा साडीचा फक्त काठ किंवा एखादी बुट्टी वेगळी काढून, मागून मलमलचा तुकडा लावून, गोधडीच्या पायाकडच्या बाजूला टाचावी. तोंडाशी येणाऱ्या बाजूला नको.

साडी सुती आहे की मिश्र, हे हाताला नेहमी कळत नाही. कडेचे दोन-तीन धागे काढून काडीवर जाळावेत. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि बोटांत चुरडली तर मऊ राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. रेशीम जळक्या केसांसारखा वास देतं. ही तपासणी आपण घरीच करून गठ्ठा नेला तर बाईचा अर्धा दिवस वाचतो.

रंगाचं दुखणं सगळ्यात मोठं, कारण ते गोधडी पूर्ण झाल्यावर, पहिल्या धुण्याला कळतं. इरकलीचा लाल काठ, काळी चंद्रकळा, मरून, गर्द निळा यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पांढरा रुमाल ओला करून कापडावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दहाएक सेकंद दाबायची. रुमालावर छटा उतरली तर कापड गरम पाण्यात साबण लावून वेगळं धुवायचं आणि पुन्हा तपासायचं. तीन-चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते पांढऱ्या धोतराशेजारी लावायचं नाही, आतल्या थरातही नाही. ओली गोधडी तासन्‌तास ओलीच राहते आणि आतला रंग सावकाश वर येतो. मिठाच्या पाण्यात ठेवला की रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे, पण तो खरा नाही. मीठ रंगवतानाच रंगाला सुतात शिरायला मदत करतं. रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग त्याने बसत नाही, तो धुऊनच घालवावा लागतो.

विकतच्या जुन्या कापडाबद्दल

घरचा साठा कमी पडला की आठवडी बाजारातला जुन्या कपड्यांचा ढीग आणि शिंप्याकडची कातरणं हे दोन आधार. बोहारणींकडून फिरत आलेल्या सुती साड्या त्या ढिगात सापडतात. घडी पूर्ण उलगडून पाहिल्याशिवाय घेऊ नये, वरचा पदर ताजा आणि आतलं विरलेलं हा तिथला नेहमीचा प्रकार. घरी आणल्यावर हे कापड घरच्या गठ्ठ्यात मिसळण्याआधी कडकडीत पाण्यात भिजवायचं. ढेकूण आणि त्यांची अंडी ६० अंशांच्या पुढच्या उष्णतेत मरतात, कोमट पाण्यात नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी कडक ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये याची चिंता नाही, पावसाळ्यात मात्र बाजारचं कापड आणूच नये.

शिंप्याकडे ब्लाऊजची कातरणं भरपूर निघतात. छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या आसपास किंवा लातुरात गंजगोलाईच्या बाजूला जिथे ब्लाऊजपीसची दुकानं आहेत तिथल्या शिंप्यांकडे विचारावं. टू बाय टू रुबियाची कातरणं गोधडीला उत्तम. रंग भरपूर मिळतात, वीण घट्ट असते आणि सुई सहज जाते. रुबियाच्या नावाखाली मिश्र कापडही येतं, तेव्हा काडीची तपासणी इथेही करा. अस्तराची कातरणं घेतलीच तर आधी धुऊन आटवून घ्यायची, ती रंगही सोडतात आणि आकसतातही. काखेच्या कापाचे त्रिकोणी तुकडे भराभर गोळा होतात, पण त्यांतून चार इंचांचा चौकोनही धड निघत नाही. मूठभर लांब पट्ट्या पोतंभर त्रिकोणांपेक्षा कामाच्या.

कापड किती न्यायचं

इथे बहुतेक गिऱ्हाइकं चुकतात. कुणी ओझंभर नेतं, कुणी दोन साड्यांत मोठी गोधडी मागतं. एका माणसाची गोधडी ५ बाय ७ फूट, म्हणजे ६० बाय ८४ इंच. हातशिलाईत कापड गोळा होतं, त्यामुळे ६४ बाय ८८ कापलं तर तयार ६० बाय ८४ मिळते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. ६४ इंच लांबीचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर झाला. साडेपाच मीटरच्या साडीतून असे तीन तुकडे निघतात, म्हणजे दोन साड्यांत तीन थर. पूर्ण नऊ वार भरणाऱ्या लुगड्यातून पाच तुकडे, म्हणजे अडीच थर. उन्हाळा-पावसाळ्यात अंगावर घ्यायला तीन थर पुरतात, मराठवाड्यातल्या डिसेंबर-जानेवारीला पाच लागतात. पाच थरांची सुती गोधडी कोरडी दीड किलोच्या आसपास भरते. सात थरांची मागणी येते, ती टाळावी. सुई तिरकी जाते, मागचे टाके सुटतात आणि धुतल्यावर ती उचलणं म्हाताऱ्या माणसाच्या हातचं राहत नाही.

वरचा थर चौकोनांचा हवा असेल तर सहा इंचांचे तयार चौकोन सोपे. दहा आडवे, चौदा उभे, एकूण १४०. प्रत्येक तुकडा साडेसहा इंच कापायचा, प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जातं. कापताना एकेक तुकडा फक्त अष्टमांश इंचाने मोठा झाला तर दहा तुकड्यांच्या ओळीत सव्वा इंच वाढतो आणि ओळी एकमेकींना जुळत नाहीत. हातशिलाईत वरचा थर आणखी आत ओढला जातो, तो फरक भरून काढायला चारही बाजूंनी काठाची पट्टी ठेवावी. इरकलीचे काठ इथे शोभतात. चौकोन कापायला पुठ्ठ्याचा साचा कापून द्यावा. पुठ्ठ्याच्या कडा दहा-पंधरा तुकड्यांनंतर झिजतात, म्हणून एकाच मापाचे तीन-चार साचे करून ठेवावेत.

गोटासाठी, म्हणजे चारही कडांना दुमडून लावायच्या पट्टीसाठी, अडीच इंचांच्या पट्ट्या. ६० बाय ८४ चा घेर २८८ इंच, जोड आणि कोपरे धरून ३०० इंच पट्टी लागते. ४५ इंची पन्ह्यात सात पट्ट्या, म्हणजे अर्धा मीटरपेक्षा कमी कापड. हे कापड मात्र नवं आणि घट्ट विणीचं असावं. गोधडीत सगळ्यात आधी विरतो तो तोंडाशी येणारा गोट, आणि तो पुढे कधीतरी बदलायचा आहे हे गृहीत धरूनच लावावा.

पाठीला नवा मांजरपाट लावायचा असेल तर तो धुवूनच द्या. न धुतलेला मांजरपाट ८४ इंचांत चार इंच सहज आटतो. वरचं जुनं कापड आधीच आटून बसलेलं असतं, त्यामुळे पहिल्या धुण्यानंतर पाठ आकसते आणि वरची बाजू फुगे धरते. यात शिवणाऱ्या बाईचा काही दोष नसतो आणि बोल तिलाच लागतो.

हातशिलाईचं काम जवळून

कामाची पहिली पायरी जमिनीवर. सारवलेली किंवा फरशीची जागा झाडून पाठीचं कापड उलटं अंथरतात, त्यावर आतले थर, सगळ्यात वर तोंडाचं कापड. प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करायचा. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके, तेही मधून बाहेर. कच्चे टाके न घालता थेट कडेपासून शिवायला घेतलं की कापड टाक्यांपुढे सरकत सरकत मध्यावर येतं आणि तिथे फुगा उरतो. मग तो चुण्या घालून दाबला जातो. तयार गोधडी हातात आली की पहिला हात मध्यभागी ठेवावा. तिथे चुण्या लागल्या तर कच्चे टाके टाळले आहेत असं समजावं.

पुढचा टाका म्हणजे साधा धावदोरा, कडेने चौकोनी फेऱ्या घेत आत जाणारा. सरावलेला हात सुईवर दोन-तीन टाके भरतो आणि मगच दोरा ओढतो. वरून इंचाला तीन टाके दिसले तर काम चांगलं. पाठीवरही तेवढेच दिसायला हवेत. पाठीवर टाका अगदी बारीक आणि वर लांब असेल तर सुई तिरकी गेली आहे, तो टाका आधी तुटेल. गाठ बाहेर दिसू नये. दोरा संपला की एक उलटा टाका घेऊन शेपूट दोन थरांच्या मधून बोटभर आत सरकवायचं असतं.

फेऱ्यांमधलं अंतर आधी बोलून घ्यावं, कारण भावाचा सगळा फरक तिथे आहे.

"मावशी, ओळी किती अंतरावर घ्याल?"

"बोटाबोटावर घेते. अर्ध्या बोटावर पाहिजे असंल तर दिवस लागतील, सांगून ठेवते."

या उत्तरात हिशेब दडलेला आहे. ६० बाय ८४ इंचांच्या गोधडीवर एक इंच अंतराने ओळी घेतल्या तर एकूण १२८ मीटर शिवण भरते. अर्ध्या इंचावर घेतल्या की २५६ मीटर. थरांतून वरखाली जाताना दोरा जास्त लागतो, म्हणजे अर्ध्या इंचाच्या कामाला एकेरी दोरा ३०० मीटरच्या आसपास आणि दुहेरी घेतला तर ६००. तासाला दहा-बारा मीटर हा पाच थरांवर चांगला वेग. तेव्हा दाट कामाला निव्वळ टाक्यांचेच वीस ते पंचवीस तास जातात. तुकडे जोडणं, अंथरणं, गोट हे दोन दिवस वेगळे. एकूण पाच दिवसांचं काम. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दराने पाच दिवसांचे १,५६० रुपये होतात, आणि हे तर बिनकसबी कामाचे. हातशिलाईची दाट गोधडी सातशे-आठशेत देतो असं कुणी म्हटलं तर एकतर ओळी दोन-दोन इंचांवर आहेत, नाहीतर शिवणाऱ्या बाईच्या हातात काही पडत नाही. घासाघीस करायचीच असेल तर ओळींचं अंतर वाढवून घ्या, मजुरी पाडू नका. तीन थरांच्या पातळ गोधडीला एक इंचाच्या ओळी पुरेशा असतात. पाच थर, आणि त्यात विरळ कापड असेल तर अर्धा ते पाऊण इंच हवंच, म्हणजे जुनं कापड टाक्यांच्या आधाराने टिकतं.

दोरा आपण द्यावा. सुतीच द्यावा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही म्हणून बायकांनाही आवडतो, पण जुन्या लुगड्यात तो ओढला गेला की स्वतः तुटण्याऐवजी कापड कापतो. सुती दोरा तुटला तर तेवढाच टाका पुन्हा घालता येतो, कापलेलं कापड पुन्हा आणता येत नाही. दोऱ्याचा रंग पक्का आहे का, हे रुमालाच्या कसोटीवर आधी बघा. लाल दोऱ्याने पांढरं धोतर गुलाबी झालेलं पाहायला मिळतं.

हातशिलाईतल्या उणिवाही सांगायला हव्यात. तारखेचा भरवसा कमी. कोपरे अगदी काटकोनात येतीलच असं नाही. दोन्ही कर्ण मोजावेत, ६० बाय ८४ ला ते १०३ इंचांच्या आसपास यायला हवेत, इंचभर फरक चालवून घ्यावा. तीन इंच फरक असेल तर अंथरताना थर तिरके पडले आहेत, आणि ते आता दुरुस्त होत नाही. चुलीजवळ ठेवलेल्या गोधडीला धुराचा वास येतो, तो दोन दिवस उन्हात घातल्यावर जातो. सुईचं तुटलेलं टोक आत राहू शकतं, म्हणून गोधडी ताब्यात घेतल्यावर दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. बाळासाठी असेल तर हे न करता गोधडी देऊच नका.

मशीनची दुकानं

पिको-फॉलच्या दुकानांत आता गोधडीही शिवून देतात. दोन दिवसांत मिळते, खर्च कमी, ओळी सरळ. कापड नवं किंवा घट्ट असेल, उदाहरणार्थ रुबियाच्या कातरणांचा वरचा थर आणि नवा मांजरपाट, तर हा पर्याय वाईट नाही. जुन्या लुगड्याला मात्र तो सोसत नाही. मशीनचा टाका बारीक आणि घट्ट असतो, विरळ कापडावर तो भोकांची रांग पाडतो आणि पुढे कापड त्याच रांगेवर फाटतं. दुसरी अडचण थर सरकण्याची. मशीनचे दात खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर दाबपट्टीखाली मागे राहतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी वरच्या थराची घडी पडते. दुकानात वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे नेणारी दाबपट्टी, असेल तर ही घडी सहसा येत नाही. तो आहे का, असं सरळ विचारावं. नसेल तर तीन थरांच्या वर काम देऊ नये. सुई १६ किंवा १८ नंबरची लावायला आणि टाका लांबात लांब ठेवायला सांगावं. ओळी आडव्या घेताना एक डावीकडून, दुसरी उजवीकडून अशा उलटसुलट घेतल्या तर गोधडी पिळते. सगळ्या एकाच बाजूने सुरू करायला लावा. दुकानदार यात कुरकुर करतात, कारण प्रत्येक ओळीला दोरा तोडावा लागतो.

तुकडे मशीनवर जोडून, टाके हाताने, ही मधली वाट सगळ्यात शहाणी वाटते. १४० चौकोन हाताने जोडण्यात जे दिवस जातात ते वाचतात, जोड पक्के होतात आणि अंगाला लागणारा मऊपणा हाताच्या टाक्यांमुळे राहतो.

तयार माल

'उमेद' या सरकारी अभियानाच्या बचत गटांच्या प्रदर्शनांत चांगल्या गोधड्या मिळतात, शिवणारीशी थेट बोलता येतं आणि त्याच बाईकडे पुढे घरच्या कापडाचं काम देता येतं. प्रदर्शनाला जायचं खरं कारण तेच. दुकानांतल्या 'गोधडी' म्हणून लटकवलेल्या मालात मात्र ठिगळं छापलेलं अखंड कापड पुष्कळ असतं. दोन ठिगळांच्या जोडावरून नख फिरवा, शिवणीचा उंचवटा लागला नाही तर ती छपाई. आत पॉलिस्टरचं भरण असेल तर गोधडी फुगीर, हलकी आणि हाताला गरम लागते. ती वापरायला हरकत नाही, पण तिला गोधडीच्या किमतीत घेऊ नये. आणि आजीच्या लुगड्याची जागा ती घेत नाही, हे आहेर घेणाऱ्यालाही कळतं.

बाळासाठी दुपटं

बारशाला, बाळंतविड्यात द्यायचं तर दुपट्याइतकं सोपं आणि उपयोगी काही नाही. पाचवारीच्या साडेपाच मीटरमधून ३६ इंचांचे बरोबर सहा चौकोन निघतात, म्हणजे तीन थरांची दोन दुपटी, आणि पन्ह्यातून उरलेल्या नऊ इंची पट्टीत गोटही बसतो. तयार दुपटं ३४ इंचांचं होतं. नऊवारीतून असे नऊ चौकोन पडतात. विरलेला भाग सोडला तरी पाच-सहा हाती लागतात, म्हणजे एका आजीचं एक लुगडं पाच-सहा नातवंडांच्या दुपट्यांवर तोंडाचं कापड म्हणून जातं. वाटणी करायची ही सगळ्यात चांगली रीत आहे, लुगडं ट्रंकेत ठेवून चिरू देण्यापेक्षा कितीतरी बरी.

ट्रंकेवरून एक गोष्ट ठासून सांगायची. डांबरगोळ्यांत ठेवलेलं कापड बाळाला तसंच लावू नका. त्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनने काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढते, विशेषतः ज्यांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते त्यांच्यात, आणि ती कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसतं. असं कापड दोन-तीनदा धुऊन, कित्येक दिवस उन्हावाऱ्यावर टांगून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावं. किंचितही वास उरला तर मोठ्यांच्या गोधडीत घालावं. दुपट्यावर टिकल्या, आरसे, मणी, लेस काही नको. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर गोधडी पांघरून सोडू नये, दुपटं हे कडेवर घेताना गुंडाळायला आणि डोळ्यांसमोर खेळवताना खाली अंथरायला.

काम कधी द्यायचं

गोधड्या उन्हाळ्यात शिवल्या जातात. एप्रिल ते जूनच्या पेरणीपर्यंत शेतात काम कमी, ऊसतोडीला गेलेली बीडकडची कुटुंबं परतलेली, कापड वाळायला ऊन. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी सुरू झाली की कुणाच्या हाती सुई लागत नाही, आणि लागली तरी घाईचे टाके पडतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईसाठी आहेर हवा असेल तर कापड मेमध्येच पोचतं करा. दुपट्याचं काम डोहाळजेवणाच्या आधी दिलं तर बारशाला ओढाताण होत नाही.

देताना एका कागदावर माप, थर, ओळींचं अंतर आणि कोणतं कापड वर, कोणतं आत, एवढं लिहून त्याचा फोटो काढावा. आठवणीच्या तुकड्यांना वेगळ्या रंगाचा कच्चा टाका घालून खूण करा, नाहीतर आजोबांच्या सदऱ्याचा खिसा आतल्या थरात जातो आणि पाठ उसवल्याशिवाय परत निघत नाही. उरलेलं कापड परत हवं की बाईने ठेवायचं, हेही आधी बोलावं. निम्मे पैसे आधी द्यावेत, तिला दुसरं काम बाजूला ठेवता येतं.

आहेरासोबत धुण्याची चिठ्ठी जोडावी. थंड पाणी, मऊ साबण, दगडावर आपटायचं नाही, पिळायचं नाही. पाणी निथळू द्यायचं आणि एका दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवायचं, एकाच दोरीवर ओल्या वजनाने मधले टाके ताणले जातात. टाका तुटलेला दिसला तर त्याच दिवशी घालायचा, त्यासाठी शिल्लक दोऱ्याचं रीळ घडीत ठेवून द्यावं.